जीर्ण वस्त्राची किंमत

शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, नगर जिल्ह्यांतील नेवासें येथें श्रीज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सिद्ध केली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आत्म्याचें देहांतर समजावून देतांना जीर्ण वस्त्र टाकून नवें धारण करण्याचा दृष्टांत योजिला आहे, तो वाचकांच्या परिचयाचाच आहे. आत्म्याच्या बाबतींत हा दृष्टांत कितीहि समर्पक असो; ज्या भूमींत त्यावरील ही मराठी टीका जन्मली, त्या भूमींतील गृहिणींनीं वस्त्राच्या बाबतींत मात्र तो कधींच मनावर घेतला नाहीं. लुगडें विरलें कीं त्याचें दुपटें होई, दुपटें झिजलें कीं तें गोधडीच्या पोटांत जाई, आणि गोधडीहि गेली कीं तिचें पोतेरें होई. याखेरीज प्रत्येक घरांत एखादें वस्त्र असें असतें कीं, जें नित्य वापरावयाचेंहि नसतें आणि टाकावयाचेंहि नसतें. आजोबांचा बंद गळ्याचा लोंकरी कोट, पणजीची पैठणी, कोणा पूर्वजास मानानें मिळालेली शालजोडी, अशा वस्तु कडुनिंबाच्या पाल्यांत जपून ठेवलेल्या असतात. घरांत कार्य निघालें कीं त्या बाहेर येतात. पेटींतला कुबट वास जावा म्हणून धुलाईच्या दुकानीं जातात. तेथून तो कोट परीटघडी होऊन परत येतो तेव्हां कोपराशीं जाळी पडलेली, गळपट्टी आखडलेली आणि अस्तर फुगलेलें दिसतें.

मग घरांत तीन प्रश्न उभे राहतात. दोष कोणाचा? भरपाई किती? आणि हें पुन्हा नीट होईल काय? वरकरणीं हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. परंतु त्यांतील पहिल्या दोहोंवर आपल्या शास्त्रकारांनीं फार प्राचीन काळापासून बारकाईनें विचार केला आहे, आणि तिसऱ्याविषयीं जवळजवळ मौन धरिलें आहे. त्या विचाराचा आणि त्या मौनाचा मागोवा घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या चवथ्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय कारागिरांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें याविषयीं आहे. त्यांत धोब्यासंबंधीं दिलेले नियम वाचून आजचा वाचकहि थक्क होईल. धोब्यानें वस्त्रें लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावीं. अन्यत्र धुतल्यास वस्त्राची हानि भरून द्यावी आणि वर सहा पण दंड द्यावा. मुद्गराची खूण असलेल्या वस्त्राखेरीज दुसरें वस्त्र स्वतः नेसल्यास तीन पण दंड. गिऱ्हाइकाचें वस्त्र विकल्यास, भाड्यानें दिल्यास किंवा गहाण टाकल्यास बारा पण. आणि वस्त्राची अदलाबदल केल्यास दुप्पट किंमत देऊन मूळ वस्त्रहि परत करावें.

याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट मुदतीची आहे. साध्या सफाईस एक रात्र आणि त्याहून अधिक शुभ्रतेच्या प्रत्येक पायरीस एकेक रात्र अधिक दिलेली आहे. फिक्या रंगाच्या वस्त्रास पांच रात्री, निळ्यास सहा. आणि लाख, मंजिष्ठा इत्यादि रंगांत रंगविलेल्या, पुष्कळ श्रम व जपणूक मागणाऱ्या उंची वस्त्रास सात रात्री. उंची वस्त्र घाईनें धुवूं नये, हें त्या काळच्या राज्यव्यवस्थेस मान्य होतें. रंगाविषयीं तंटा पडला तर विश्वासू जाणकारांनीं मजुरी ठरवावी, असेंहि तेथें सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हाच विषय एका श्लोकांत आला आहे. सांवरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावें, एकाचीं वस्त्रें दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळूं नयेत, आणि तीं कोणास नेसूं देऊं नयेत, असा त्याचा आशय आहे.

भरपाईचा हिशेबहि शास्त्रकारांनीं सोडलेला नाहीं. पहिल्या धुण्यानें वस्त्राची किंमत चतुर्थांशानें घटते आणि दुसऱ्यानें पंचमांशानें, असें कौटिल्य मानतो. नारदस्मृतीचा हिशेब निराळा आहे. एकदां धुतलेल्या वस्त्राची किंमत अष्टमांशानें, दोनदां धुतलेल्याची चतुर्थांशानें, तीनदां धुतलेल्याची तृतीयांशानें आणि चारदां धुतलेल्याची निम्म्यानें कमी धरावी. म्हणजे आठ रुपयांचें वस्त्र पहिल्या धुण्यानंतर सातांचें, दुसऱ्यानंतर सहांचें आणि चवथ्यानंतर चारांचें झालें. पुढें दशा झडून वस्त्र जीर्ण होईपर्यंत ही घट क्रमाक्रमानें चालूं ठेवावी. परंतु एकदां तें जीर्ण झालें म्हणजे घटीचा कांहीं नियम नाहीं. इ. स. ११०० च्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीस राहून मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें हेंच प्रमाण धोब्यानें नाहींशा केलेल्या वस्त्रास लाविलें; आणि मिताक्षरेचा अधिकार महाराष्ट्रांत किती चालत आला हें सांगावयास नको.

जीर्णास नियम नाहीं, हे शब्द वाचून थांबावेंसें वाटतें. शास्त्रकाराच्या हिशेबीं वस्त्राची किंमत दर धुण्यागणिक उतरत जाते. घराच्या हिशेबीं मात्र आजोबांच्या कोटाची किंमत दर वर्षागणिक चढत जाते. बाजारांत ज्याचे चार आणेहि येणार नाहींत, तेंच वस्त्र घरांत कोणी लक्ष रुपयांसहि देणार नाहीं. भरपाईचें गणित जेथें संपतें, तेथून पुढचाच हा प्रदेश आहे; आणि तेथें शास्त्रकारानें प्रांजळपणें हात टेकले आहेत.

आतां ग्रंथांतून गांवांत येऊं. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांवगाडा' ग्रंथांत ज्या बलुतेपद्धतीचें वर्णन आहे, तींत परीट हा बारा बलुतेदारांपैकीं एक. त्याला दर कपड्यामागें दाम मिळत नसे. सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा वांटा मिळे. शिंपी सामान्यतः अलुतेदारांत गणला जाई, म्हणजे त्याची गरज गांवास दुय्यम वाटे. या व्यवहारांत पावती नव्हती आणि अटीहि नव्हत्या. परटानें धोतर फाडलें तर कुणबी त्याला चार शब्द सुनावी आणि पुढच्या सुगीस पायली दोन पायली आंखडी. परंतु परीट बदलतां येत नसे आणि परटासहि घर बदलतां येत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. जन्मानें बांधलेला तो धंदा होता, आणि इतरांची घाण काढणाऱ्याच्या पदरीं मान कमीच येई. मात्र हानि करणारा आणि हानि सोसणारा उद्यांहि एकमेकांच्या दाराशीं उभे राहणार आहेत, ही जाणीव तींत होती, एवढें मान्य केलें पाहिजे.

परटाची विद्याहि सामान्य नव्हती. सुती कपडा सज्जीखाराच्या पाण्यांत बुडवून भट्टींत वाफवावा, दगडावर आपटावा, नीळ व खळ देऊन वाळवावा, हा त्याचा नित्यक्रम. कौटिल्याच्या मुद्गरचिन्हाचें काम आपल्याकडे बिब्यानें केलें. बिब्याच्या तेलानें कपड्याच्या कोपऱ्यांत घातलेली खूण भट्टींतूनहि जात नाहीं. म्हणूनच इंग्रजांनीं बिब्याला 'खुणेचें फळ' अशा अर्थाचें नांव दिलें. कपडा हरवूं नये म्हणून कपड्यालाच कायमचा डाग द्यावयाचा, असा हा उपाय! रेशमी वस्त्र आणि शाल यांच्या वाट्यास मात्र भट्टी येत नसे. त्यांना रिठ्याचें पाणी लागे. कापूस हा वनस्पतिज असल्यामुळें खार सहन करतो. रेशीम आणि लोंकर हीं प्राणिज असल्यामुळें खारानें दुबळीं होतात, आणि तीव्र दाहक खाराच्या कढत पाण्यांत तर लोंकर विरघळूनहि जाते. हें रसायनशास्त्र परटानें पुस्तकांत वाचलें नव्हतें. परंतु रिठा कोठें आणि खार कोठें, हें त्याला ठाऊक होतें.

नगर शहरास तर वस्त्रांची ओळख पहिल्यापासूनची. १४९० सालीं मलिक अहमद निजामशहानें हें शहर वसविलें. २०२४ पासून शहर व जिल्हा हीं दोन्हीं अहिल्यानगर या नांवानें ओळखलीं जातात. शहर वसल्यावर लौकरच येथें लुगडीं विणण्याचा धंदा सुरू झाल्याची परंपरा १८८४ सालच्या जिल्हा गॅझेटिअरांत नमूद आहे. शेवगांव तालुक्याच्या सीमेवर गोदावरीच्या पलीकडे पैठण. ज्यांचें नांव आज जिल्ह्यास मिळालें त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यांतील चोंडीच्या, आणि त्यांनींच पुढें महेश्वरच्या विणकरांस आश्रय दिला. मराठी राज्यांत 'वस्त्रें देणें' याचा अर्थच अधिकारपद देणें असा होता. साताऱ्याहून वस्त्रें आल्याखेरीज पेशवाईवर मान्यतेची मोहोर उमटत नसे. अशा समाजांत जुनी शाल किंवा अंगरखा हा केवळ कपडा नसून त्या घराण्याचा दस्तऐवजच होता.

१८०३ सालीं नगरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला, छावणी पडली, आणि पुढें इंग्रजी शाळा व कचेऱ्या यांच्याबरोबर शिवलेला लोंकरी कोट मध्यमवर्गाच्या अंगावर आला. परटाच्या विद्येस हा नवा पाहुणा अनोळखी होता. बाराबंदी धुवावयाची तर बंद सोडले कीं ती सपाट पसरते. कोट मात्र एकाच कापडाचा नसतो: वर लोंकर, आंत रेशमी किंवा सुती अस्तर, मध्यें ताठपणासाठीं घातलेलें जाड कापड, खांद्यांत कापूस. पाण्यांत यांतील प्रत्येक जिन्नस निरनिराळ्या प्रमाणांत आखडतो. शिवाय लोंकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. कढत पाण्यांत चोळल्यानें ते एकमेकांत अडकतात आणि कापडाचा नमदा होतो. तो पुन्हा सैल होत नाहीं.

या अडचणीवर युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उपाय निघाला. पाण्याऐवजीं टर्पेंटाईन, पुढें बेंझिन व पेट्रोलसारखीं द्रव्यें वापरून कपडे स्वच्छ करण्याचा धंदा पॅरिसमध्यें सुरू झाला; जोली नांवाच्या घराण्याचें नांव त्याच्याशीं जोडलें जातें. हीं द्रव्यें पेट घेणारीं असल्यामुळें १९३० नंतर न पेटणारीं कृत्रिम द्रव्यें प्रचारांत आलीं. हेंच आपलें ड्रायक्लीनिंग. त्यानें तेलकट मळ सुटतो आणि लोंकर आटत नाहीं. परंतु घामाचे व साखरेचे डाग तसेच राहतात, आणि वरून कढत इस्तरी फिरली कीं पक्के होतात. कांहीं जातींचीं बटणें त्या द्रव्यांत विरघळतात, आणि कोटाच्या आंत डिंकानें चिकटविलेला थर सुटून वर फुगे येतात.

येथें दोषाच्या प्रश्नांतील एक गांठ सोडविली पाहिजे. धुलाईनंतर दिसणारें प्रत्येक भोंक धुलाईनें पडलेलें नसतें. कसर लोंकर खाते, आणि जेथें घाम व अन्नाचे डाग असतात तेथें विशेष आवडीनें खाते. अर्धवट कुरतडलेले तंतु पेटींत घडीवर घडी असतांना जागच्या जागीं राहतात. धुलाईच्या यंत्रांत ते गळून पडतात आणि पूर्वीं न दिसलेलें भोंक उघडें पडतें. मालक शपथेवर सांगतो कीं देतांना कोट धड होता, धुलाईवालाहि शपथेवर सांगतो कीं आम्हीं कांहीं केलें नाहीं, आणि दोघेहि खरें बोलत असतात! तंटा जाणकारांपुढें न्यावा हा कौटिल्याचा दंडक अशा वेळीं किती शहाणपणाचा होता, हें कळून येतें.

आधुनिक कायद्यानें हा विषय १८७२ च्या करार कायद्यांतील निक्षेपाच्या कलमांखालीं घेतला आहे. दुसऱ्याची वस्तु ताब्यांत घेणाऱ्यानें, सामान्य विचारी मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घेतली पाहिजे, असें त्याचें १५१ वें कलम सांगतें. पुढें धुलाईच्या दुकानांनीं पावतीवर बारीक टाइपांत आपली जबाबदारी मर्यादित करण्याची युक्ति काढली. मद्रास उच्च न्यायालयापुढें असाच एक तंटा गेला होता. नवें लुगडें दुकानांत गहाळ झालें होतें, आणि पावतीवर बाजारभावाच्या शेंकडा पंधराहून अधिक भरपाई मिळणार नाहीं अशी अट होती. ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवून न्यायालयानें झिडकारली. १९६६ च्या निवाडेसंग्रहांत तो निर्णय छापलेला आहे. १९८६ च्या आणि त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सामान्य मनुष्यास दाद मागण्याचा मार्ग अधिक सोपा केला. हें सर्व स्वागतार्हच आहे. तथापि न्यायालय देऊन देऊन काय देणार? पैसे. जीर्णास नियम नाहीं, ही नारदाची अडचण आजच्या न्यायाधीशासहि चुकलेली नाहीं.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे वळणें प्राप्त आहे: हें नीट होईल काय? याचें उत्तर देणारा कारागीर म्हणजे रफूगार. त्याच्याविषयीं आपले ग्रंथ काय म्हणतात तें पहा. कौटिल्यानें धोब्यासंबंधीं इतकें सविस्तर लिहून अखेरीस एका लहानशा वाक्यांत सांगितलें कीं, धोब्यांच्या नियमांवरून तुन्नवायांचेहि समजून घ्यावे. तुन्नवाय म्हणजे फाटलेलें सांधणारा. अमरकोशानें त्याला सुईवर जगणाऱ्या सौचिकाचा पर्याय मानिलें आहे. मनुस्मृतीनें ज्यांचें अन्न खाऊं नये अशांच्या यादींत धोब्याप्रमाणें तुन्नवायाचेंहि नांव घातलें आणि विषय संपविला. मराठींत 'तुणणें' असें स्वतःचें क्रियापद होतें. तेंहि मागें पडून फारसींतून आलेला 'रफू' शब्द रूढ झाला.

या मौनाचें कारण आमच्या मतें त्या कलेंतच आहे. विणकराची कीर्ति त्याच्या कांठापदरावर दिसते. रफूगाराचें यश त्याचें काम न दिसण्यांत आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी १८२२-२३ मध्यें काश्मिरांत होता. मागावरून उतरलेल्या शालींतील दोष काढणारे आणि निरनिराळे तुकडे बेमालूम जोडणारे रफूगार त्या धंद्याचें स्वतंत्र अंग असल्याचें त्यानें नोंदविलें आहे. शाली थंड पाण्यांत धुवीत आणि साबू फार जपून वापरीत, हेंहि त्यानें लिहून ठेविलें. ज्या शाली पुढें सरदारांच्या घरोघर मानाच्या ठरल्या, त्यांत असे किती अज्ञात टांके आहेत याची गणती कोण करणार?

रफूची रीत पाहिली म्हणजे त्यांतील शिस्त कळते. चांगला रफूगार बाहेरचा दोरा शक्यतों घेत नाहीं. शिंप्यानें शिवणीच्या आंत जें जास्तीचें कापड सोडलेलें असतें, ज्याला आपण मोठ्या अर्थपूर्ण शब्दानें 'माया' म्हणतों, त्यांतूनच तो धागे उपसतो. कारण रंग, पीळ आणि वय या तिन्हींत तेच मूळ कापडाशीं जुळतात. भोंकाच्या कडा तो कापीत नाहीं. गांठ न मारतां, धड भागांत बरेंच आंतून सुई घालून आधीं उभे धागे भरतो आणि मग मूळ वीण साधी असेल तर एकाआड एक, तिरपी असेल तर तिच्या तिरपेपणास अनुसरून, आडवे धागे ओवतो. दोरा ओढला तर कापड चुणतें आणि सैल सोडला तर उठून दिसतो. बोटभर जागेस तासन् तास लागतात, यांत नवल नाहीं. कौटिल्यानें उंची वस्त्र धुण्यास सात रात्री दिल्या. सांधण्यास किती द्याव्या, हें त्यानें सांगितलेलें नाहीं.

रफूलाहि मर्यादा आहे. नमदा झालेली लोंकर, उडालेला रंग, इस्तरीनें करपलेला तंतु यांवर सुईचा इलाज नाहीं. झालेली धुलाई कोणास मागें घेतां येत नाहीं. टांका मात्र चुकला तर उसवून पुन्हा घालतां येतो. यासाठीं जपलेल्या वस्त्राच्या बाबतींत धुण्यापूर्वीं शंभरदां विचार करावा. हानि झालीच तर पुन्हा धुवूं नये, इस्तरी फिरवूं नये, निघालेला दोरा किंवा बटण फेकून देऊं नये. तसेंच रफूगाराकडे न्यावें.

याहूनहि पुढें जाऊन, कांहीं वस्त्रें धुणें हीच त्यांची हानि होय. याच जिल्ह्यांतील शिरडी येथें १९१८ च्या विजयादशमीस साईबाबांनीं देह ठेविला. त्यांची कफनी तेथें जतन केलेली आहे. ती परीटघडी करून मांडावी असें कोणा भक्तास वाटेल काय? ट्रफाल्गारच्या लढाईंत १८०५ सालीं नेल्सनच्या अंगावर असलेला कोट ग्रिनिच येथील संग्रहालयांत आहे. त्याच्या डाव्या खांद्यावरील गोळीचें भोंक कोणीं तुणलेलें नाहीं, आणि रक्ताचे डागहि कोणीं काढलेले नाहींत. मदुरेच्या गांधी संग्रहालयांत ३० जानेवारी १९४८ च्या वस्त्राचा रक्तलांछित भाग ठेवलेला आहे, तोहि तसाच. येथें डाग हाच दस्तऐवज आहे. म्हणूनच संग्रहालयांतले वस्त्ररक्षक रफूगाराच्या उलट वागतात. ते विरलेल्या भागाखालीं आधाराचें कापड देतात, टांके असे घालतात कीं ते पुढें काढतां यावे, आणि काय केलें याची नोंद ठेवतात. रफूगार हानि झांकतो. वस्त्ररक्षक ती थोपवितो, झांकीत नाहीं.

यांतील कोणता मार्ग घ्यावा, हें वस्त्र कशासाठीं राखलें आहे त्यावर अवलंबून आहे. नातवानें आजोबांचा कोट आपल्या लग्नांत घालावा अशी इच्छा असेल तर रफूच योग्य. त्या कोटाचें आयुष्य अंगावर आहे. दीडशें वर्षांची शालजोडी असेल तर तिला संग्रहालयाच्या रीतीनें आधार द्यावा आणि मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेंतील जाणकारांचा सल्ला घ्यावा. फाटकें वस्त्र अंगावर वागविण्यांत कमीपणा नाहीं, हें तर परीट कुळांत जन्मलेल्या गाडगेबाबांनीं आपल्या ठिगळांच्या पांघरुणानें उभ्या महाराष्ट्रास दाखवून दिलें. तेवढ्यावरून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

एक गोष्ट मात्र दोन्हीं मार्गांस समान असावी. अशा प्रत्येक वस्त्राच्या घडींत एक चिठ्ठी ठेवावी. हें कोणाचें, कोणत्या सालीं केलेलें, केव्हां धुतलें, कोठें बिघडलें, आणि कोणीं सांधलें, एवढें तींत असावें. विणणाऱ्याची आठवण कांठापदर ठेवतात आणि धुणाऱ्याची आठवण कायदा ठेवतो. सांधणाऱ्याची सारी विद्या स्वतःचा माग पुसण्यांत खर्च होत असल्यामुळें, त्याचें नांव कापडावर कधींच सांपडणार नाहीं; तें घरांतल्या कोणीतरी त्या चिठ्ठीवर लिहिलें पाहिजे.